"अठ्ठावीसच भर" : ब्रेन, एलएमजी, एमएमजी आणि त्या वाहणारे खांदे

कोरेगावचा_सुन्या
मंडळी, जुनी शंका आहे. आमचे आबा मराठा पलटणीत होते. ६५ साली बेळगावला भरती, हवालदार होऊन रिटायर, मधली बरीच वर्षं एलएमजीचे, म्हणजे लाईट मशीनगनचे, नंबर एक (गोळी चालवणारा; मॅगझीन देणारा तो नंबर दोन). घरात त्यांचं एक वाक्य सगळ्यांना पाठ आहे : "अठ्ठावीसच भर." गव्हाची कोठी असो, गाडीतलं पेट्रोल असो, आईनं दाबून भरलेला लाडवांचा डबा असो, मागून आवाज येणारच. लहानपणी मला ही म्हणच वाटायची. पुढं कळलं की एलएमजीच्या मॅगझीनमध्ये ३० गोळ्या मावतात आणि ही माणसं २८ च भरायची. का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं : "उस्तादानं सांगितलंय."

तर प्रश्न एक : ही २८ ची काय भानगड आहे?
प्रश्न दोन : भाचा भरतीची तयारी करतोय. त्यानं मोबाईलवर फौजेची नवी इस्रायली मशीनगन नेगेव्ह दाखवली. आबा म्हणाले, "ब्रेनसारखी पुन्हा होणे नाही." भाचा हसला. आबांनी चहा तसाच ठेवला. ज्यांनी खरंच चालवल्यात त्यांनी सांगा कोण बरोबर. यूट्यूब बघून लिहिणाऱ्यांनीही लिहा, पण तसं कबूल करून.

धुळेकर_बाळू
यूट्यूब बघून लिहितोय : पहिला!

चिकित्सक
मीही पुस्तकीच, आधीच कबूल.

ब्रेन इंग्रजांची म्हणतात, पण ती मूळची चेक. ब्र्नो गावच्या कारखान्यातली झेडबी २६ ही तिची आई. इंग्रजांनी ती आपल्या ३०३ गोळीसाठी बदलून घेतली आणि एनफिल्डला बनवली. ब्र्नोतला 'ब्र' आणि एनफिल्डमधला 'एन' मिळून ब्रेन. गंमत म्हणजे हिंदुस्थानी फौजेनं त्याआधीच, १९३३ साली, विकर्स-बर्थिए घेतली होती. ती इशापूरला बनायची. दिसायला ब्रेनची चुलतबहीण, मॅगझीन तशीच वरून लागणारी.

२८ चं कारण साधं : मॅगझीनची स्प्रिंग पूर्ण दाबून ठेवली की दमते.

दुसऱ्या प्रश्नावर मी भाच्याच्या बाजूनं. ब्रेन मिनिटाला ५०० च्या आसपास. जर्मनांची एमजी ४२ मिनिटाला १२००, म्हणजे सेकंदाला २०. एवढ्या वेगात वेगळे आवाज ऐकूच येत नाहीत, कापड टरकावल्यासारखं वाटतं. त्या आवाजानं आपली पोरं बिचकू नयेत म्हणून अमेरिकन सैन्याला खास शिकवणीची फिल्म काढावी लागली होती. ३० गोळ्यांची मॅगझीन त्यापुढं काय पुरणार?

निवृत्त_गणपत
चिकित्सक साहेब, सेकंदाला २० गोळ्या हे वाचायला छान. त्या वाहून कोण नेणार?

माझी नोकरी ८६ ते २०१०, मराठा लाईट इन्फंट्री. (आम्हाला 'गणपत' म्हणतात, म्हणून हे नाव. मोदकांशी संबंध नाही.) मी तीन बंदुका चालवल्यात : ब्रेनचंच ७.६२ रूप असलेली वन-बी एलएमजी, मग ५.५६ ची इन्सास एलएमजी, आणि एमएमजी, म्हणजे बेल्जियमची मॅग, जी आपल्याकडं कानपूरला बनते.

वन-बी सुमारे दहा किलो. शिवाय मॅगझिनी, शिवाय पिठ्ठू, पाणी, खोदायचं फावडं. पहिल्या पाच किलोमीटरला बंदूक खांद्यावर असते. पुढच्या पाचला खांदा बंदुकीखाली असतो. पण जमिनीवर आडवं पडून बायपॉड (पुढचे दोन पाय) उघडला, बट खांद्यात घेतली आणि तीन-चार गोळ्यांचा बर्स्ट, म्हणजे सलग फैर, मारला की ती हलत नसे. गरम होऊन सुस्त झाली तर गॅस रेग्युलेटर मोठ्या भोकावर फिरवायचा, परत पळायला लागते. बॅरल तापली की नंबर दोन ती दांडीला धरून सटकन बदलतो. एवढंच. शेतकऱ्याच्या पोराला एका दिवसात कळणारी बंदूक. आबा बरोबर आहेत.

फायरिंगपेक्षा मला त्यानंतरचं जास्त आठवतं. चांदमारी संपली की रिकामे खोके, म्हणजे उडालेल्या गोळ्यांची पितळी नळकांडी, मोजून द्यावे लागतात. वन-बीचे खोके खाली पडतात, तरी गवतात एखादं जातंच. एकदा एक कमी भरलं. अख्खी प्लाटून ऊन उतरेपर्यंत गुडघ्यावर, बोटांनी गवत विंचरत. सापडलं कुठं? एकाच्या बुटाच्या घडीत. त्याला जो रगडा मिळाला तो इथं लिहीत नाही.

पुण्याची_मुक्ता
बुटाच्या घडीत 😂

कॉलेजात एनसीसीत होते. आर्मी अटॅचमेंट कॅम्पला एलएमजीवर पाच राउंड मिळाले होते. मी डावखुरी. बट डाव्या खांद्याला लावली आणि बघते तर समोर काहीच नाही, नुसतं लोखंड. उस्ताद म्हणाले, "बेटा, इस गन में लेफ्ट नहीं होता." नाईलाजानं उजव्यानं मारले. पाचपैकी किती लागले ते विचारू नका.

निवृत्त_गणपत
@मुक्ता ताई, बरोबर. मॅगझीन मधोमध वर बसते म्हणून शिस्त डाव्या बाजूला काढलेली असते. डाव्या खांद्यावरून डोळा तिथं पोचतच नाही. आमच्या सेक्शनमधला (आठ-दहा जणांची तुकडी) एक डावखुरा याच कारणानं कायम नंबर दोन राहिला. एमएमजी आल्यावर त्याचं नशीब उघडलं, तिची शिस्त मधोमध असते.

शंकेखोर
शिस्त म्हणजे? डिसिप्लिन?

निवृत्त_गणपत
फौजेत साईटला शिस्त म्हणतात. दुसरी शिस्तही असते, ती वेगळी शिकवतात.

माणगावकर
जर्मन मशीनगनचा विषय निघालाच आहे तर आमच्या गावाकडचं सांगतो. माणगावला बसमधून जाताना नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा बघितला असेल. ३/५ मराठा. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीचं वरचं खोरं. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि सेक्शनमध्ये यांच्याशिवाय उभं कुणी राहिलं नाही. घाडगे एकटे धावून गेले. आधी ग्रेनेड टाकून बंदूक आणि ती चालवणारा दोन्ही बंद केले, एकाला टॉमी गननं मारलं. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, म्हणून तीच बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना बटानं. पुढं लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस.

मिनिटाला १२०० की ५०० हा हिशोब तिथं कुठं बसवायचा ते चिकित्सकांनी सांगावं.

चिकित्सक
@माणगावकर, मुजरा. पण तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. एका मशीनगननं अख्खं सेक्शन आडवं केलं, हीच तर तिची ताकद.

माणगावकर
आणि एका गणपतनं ती मशीनगन आडवी केली. हीसुद्धा.

धुळेकर_बाळू
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

सावित्रीची_नात
रागावू नका, पण हा धागा वाचून अस्वस्थ झाले. मशीनगनचा इतिहास शौर्याचाच नाही. १९०४ ला यंगहजबंड या इंग्रज अधिकाऱ्याच्या मोहिमेत तिबेटी लोकांवर मॅक्सिम चालली, त्यांच्याकडं तोड्याच्या बंदुका आणि तलवारी. जालियनवाला बागेत मशीनगन चालली नाही ती दया म्हणून नव्हे. डायरनं मशीनगन बसवलेल्या दोन चिलखती गाड्या आणल्या होत्या, गल्ली अरुंद म्हणून त्या आत गेल्या नाहीत. जात्या तर वापरल्या असत्या का, यावर चौकशीच्या हंटर समितीपुढं त्यानं बहुधा हो असंच सांगितलं. "कुठली भारी" हे विचारताना हेही आठवावं.

कोरेगावचा_सुन्या
ताई, रागावायचं काय त्यात. आबा स्वतः बंदुकीबद्दल तासभर बोलतील, पण समोर कोण होतं हे विचारलं की उठून गोठ्यात जातात.

नगरचा_टँकवाला
आमच्या पायदळी बांधवांनी खांद्यांचं रडगाणं लावलंय म्हणून आमचंही ऐका. टी-७२ मध्ये तोफेशेजारी पीकेटी मशीनगन असते. वाहायची गरज नाही, पण बंद टरेटमध्ये (रणगाड्याच्या फिरत्या घुमटात) ती चालली की दारूचा धूर थेट नाकात. जून महिना, राजस्थान, आत भट्टी, त्यात तो वास. घरी आल्यावर आईनं फोडणी दिली तरी मला टरेट आठवायचं. आणि गोळ्यांचा पट्टा अडकला तर हात घालायला जागा एवढीशी. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख अजून वाकडं आहे.

शंकेखोर
एलएमजी, एमएमजी, एचएमजी (लाईट, मीडियम, हेवी मशीनगन) यात फरक काय? गेममध्ये सगळ्या 'एलएमजी'च असतात.

निवृत्त_गणपत
सोप्पं करून सांगतो. एलएमजी सेक्शनबरोबर पळते, बायपॉडवर, दोन माणसं. एमएमजी तिपाईवर बसते, पट्ट्यावर चालते, लांबच्या टेकडीवर सतत मारा ठेवते. ती नुसती बाराएक किलोची, तिपाई वेगळी, दोनशेचा पट्टा पाच-साडेपाच किलो. म्हणून तिला माणसं जास्त. एचएमजी १२.७ ची, ती गाडीवर किंवा मोर्चात, म्हणजे पक्क्या खंदकात.

उंचीवर तिन्हीचे हाल. थंडीत तेल घट्ट होतं आणि बंदूक एक गोळी मारून झोपते. म्हणून तेल पुसून जवळजवळ कोरडी ठेवायची. हातमोजा काढून लोखंडाला हात लावला की कातडी तिथंच राहते. नवीन पोरगं आलं की हे एकदा करतंच, कितीही सांगा.

चिकित्सक
एक दुवा जोडतो, गणपतराव चिडतील. तुमच्या एमएमजीचा, म्हणजे मॅगचा, पट्टा ओढायचा भाग एमजी ४२ वरूनच घेतलेला आहे. म्हणजे ज्या बंदुकीला तुम्ही नावं ठेवता तिचं अर्धं काळीज तुम्ही वर्षानुवर्षं खांद्यावर वाहिलंत.

निवृत्त_गणपत
चिडत नाही. वेगाला नावं ठेवली, काळजाला नाही.

एमएमजीचंच ऐका. ७१ च्या युद्धात पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरला आमची जंगी पलटण, म्हणजे पहिली मराठा, शहराच्या मागं जाऊन रस्ता अडवून बसली होती. सीओ, म्हणजे पलटणीचे प्रमुख, ब्रार साहेब. आधी ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, तर समोरच्या पाकिस्तानी कर्नलनं उत्तराच्या पाकिटात गोळी घालून पाठवली आणि पेनाऐवजी स्टेन गन हातात घेऊन भेटा म्हणाला. १० डिसेंबरच्या रात्री ते लोक फोडून निघाले ते नेमके जंगीच्या मोर्चांवर. जे तिथं होते ते आम्हाला नवखे असताना सांगायचे : रात्रभर कुणी लांब बर्स्ट मारला नाही. ठराविक पट्टी, ठराविक बर्स्ट, थांबा, परत. सकाळी उजाडल्यावर समोर बघवत नव्हतं, हेही तेच सांगायचे. @सावित्रीची_नात, म्हणून तुमचं म्हणणं मला कळतं.

इन्सास_पीडित
इन्सास एलएमजीबद्दल कुणीच का बोलत नाही? डिझाईन आमच्या पाषाणच्या एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेचं, म्हणून पुणेकर गप्प?

निवृत्त_गणपत
गप्प नाही. सहा-साडेसहा किलो, वाहायला स्वर्ग. पण मॅगझीन ३० चीच आणि गोळी छोटी. झाडीमागं माणूस असला की ७.६२ ची आठवण यायची. प्लॅस्टिकच्या मॅगझिनी कारगिलच्या थंडीत तडकल्याचं तर पेपरांतही आलं होतं. म्हणूनच शेवटी मार्च २०२० मध्ये नेगेव्हचा करार झाला, १६,४७९ बंदुका, ८८० कोटी. ७.६२, पट्ट्यावर चालणारी, तरी आठ किलोच्या आत. मी चालवलेली नाही. सध्याच्या पोरांना विचारलं तर खूष आहेत. भाच्याला सांगा, तोही बरोबर आहे.

माणगावकर
कारगिलवरून : रायफलमन संजय कुमार, ४ जुलै १९९९, मुश्कोहचा फ्लॅट टॉप. जखमी असताना शत्रूनं टाकून दिलेली युनिव्हर्सल मशीनगन उचलली आणि पळणाऱ्यांवर तीच चालवली. परमवीर चक्र. चांगली बंदूक कुठली? जी त्या वेळी हाताशी असेल ती.

ब्र्नोकर_जोशी
शीर्षकात ब्रेन बघून आत आलो. नोकरीनिमित्त ब्र्नोतच राहतो. झेडबीचा कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली, त्या जागेवर आता नवी वस्ती उभी राहतेय. पण खरी गंमत पुढंच आहे : युद्ध संपल्यावर त्याच कारखान्यानं ट्रॅक्टर काढले. नाव झेटर. 'झेट' म्हणजे चेकमधलं झेड अक्षर, बंदुकवाल्या झ्ब्रोयोव्काचं, आणि शेवटचा 'ऑर' ट्रॅक्टरमधला. आपल्याकडचे जुने एचएमटी ट्रॅक्टर झेटरच्याच सहकार्यानं निघाले.

कोरेगावचा_सुन्या
थांबा थांबा. आमच्या आबांनी पेन्शनच्या पैशांतून घेतलेला ट्रॅक्टर एचएमटी आहे!! अजून चालतो. म्हणजे माणसानं अर्धं आयुष्य ब्र्नोची बंदूक ओढली आणि उरलेलं ब्र्नोचा ट्रॅक्टर? आत्ता सांगितलं. म्हणाले, "तरीच सकाळी पहिल्या किकला सुरू होतो." (त्याला किक नाही. भावना समजून घ्या.)

धुळेकर_बाळू
टाकी अठ्ठावीसच भरता ना?

खडकीची_लेक
चारदा वाचलं, मूळ प्रश्नाचं उत्तर कुणी दिलंच नाही. चिकित्सकांचं स्प्रिंगचं कारण अर्धंच आहे.

माझे वडील खडकीच्या दारूगोळा फॅक्टरीत होते, १८६९ पासूनची फॅक्टरी ती. पितळेच्या चकतीची आधी वाटी होते, मग ती ओढत ओढत, मध्ये मध्ये तापवून नरम करत, लांब नळकांडं. वडील गेज घेऊन बुडाचा काठ तपासायचे. ३०३ च्या बुडाला बाहेर आलेला काठ असतो, आपल्या जुन्या पितळी पेल्याला खाली कडं असायचं तसा. दोन पेले एकमेकांवर आडवे ठेवून बघा : वरच्याचं कडं खालच्याच्या पुढं असेल तर वरचा सरळ पुढं सरकतो. मागं राहिलं तर अडकतं. मॅगझीनमध्ये हेच. प्रत्येक गोळीचा काठ खालच्या गोळीच्या काठापुढं बसला पाहिजे. कोंबून ३० भरल्या की एखादी मागं सरकून बसते आणि ऐनवेळी बंदूक ठप्प. २८ भरल्या की सगळ्यांना नीट बसायला जागा राहते. मॅगझीन वाकडी असते तीही या काठामुळंच.

अशा जुन्या गोळ्या कुठं बघायला मिळाल्या तर बुड बघा. 'केएफ' अशी अक्षरं असतील तर ती आमच्या खडकीची.

नगरचा_टँकवाला
ताई, जबरदस्त. आमच्या पीकेटीची गोळी अजूनही काठवालीच आहे. म्हणून ती आधी पट्ट्यातून मागं ओढली जाते, मग खाली, मग पुढं. इतकी वर्षं चालवली, का ते आज कळलं.

चिकित्सक
स्प्रिंग मागे घेतो. पण मग एक पेच. सुन्याचे आबा ६५ चे. त्यांची बहुतेक नोकरी ७.६२ च्या एलएमजीवर गेली असणार, आणि त्या गोळीला बाहेर आलेला काठच नाही. तिथं २८ कशाला?

निवृत्त_गणपत
आम्हीही वन-बीत २८ च भरायचो. आमच्या उस्तादाला त्याच्या उस्तादानं सांगितलेलं. खरं कारण मला आज खडकीच्या ताईंमुळं कळलं, चोवीस वर्षांच्या नोकरीनंतर.

शंकेखोर
आबांनाच विचारा ना सरळ. आता कारण माहीत आहे म्हटल्यावर बोलतील.

कोरेगावचा_सुन्या
विचारलं. पेल्यांचं प्रात्यक्षिक करून दाखवलं, देव्हाऱ्यातले दोन पेले घेऊन. (आईच्या शिव्या खाल्ल्या.) आबा म्हणाले, "हो, थ्री नॉट थ्रीला ते होतंच. माहीत आहे." मग ७.६२ ला का, विचारल्यावर बराच वेळ गप्प. मग हात पुढं करून चार बोटं दाखवली.

"चार-चारचा बर्स्ट. अठ्ठावीसात सात बसतात. रात्री दिसत नाही काही, कानांना दडे बसलेले. मोजायचं. सातवा गेला की नंबर दोनच्या हातात मॅगझीन पाहिजे. तीस भरल्या तर सातव्यानंतर दोन उरतात. त्या दोनचं काय करायचं? तेवढा विचार करायला तिथं वेळ नसतो."

तीस वर्षांत पहिल्यांदा उस्तादाचं नाव न घेता उत्तर मिळालं. भाचाही शेजारी बसला होता, या वेळी हसला नाही. त्यानं परत नेगेव्हचा फोटो काढला आणि पट्टा दाखवला. आबांनी चष्मा लावून नीट बघितला आणि एकच विचारलं : "पट्टा असेल तर मोजतात कसं?"

गणपतराव, याचं उत्तर तुम्हीच द्या.

निवृत्त_गणपत
आबांना माझा जय शिवराय सांगा. पट्टा मोजत नाहीत. नंबर दोननं तो दोन्ही तळव्यांवर धरलेला असतो. हलका लागायला लागला की तो नंबर एकच्या पोटरीला पाय लावतो.